नदीचे मूळ आणि साथीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. शोध घेत गेल्यास हाती येईल ते मनाजोगते असेलच असे नाही, हा त्या सांगण्यातील व्यवहार. २०२० सालच्या कोरोना महासाथीविषयीही हल्ली हाच उपदेश ऐकू येतो. विषाणू वटवाघळातून आला की प्रयोगशाळेतून निसटला, हे आता उकरून काढल्याने गेलेली माणसे परत येणार आहेत काय, असे विचारणारी मंडळी बहुधा सज्जन असतात. त्यांना भांडण नको असते. त्यांच्या उलट टोकाला दुसरी मंडळी उभी आहेत. त्यांचा शोध केव्हाच संपला आहे, आरोपी ठरला आहे, गुन्हा शाबीत झाला आहे आणि नुकसानभरपाईचा आकडाही तयार आहे. चीनने पैसे मोजावेत, ही त्यांची घोषणा.

आम्हांला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला मृतांना विसरू पाहतो. दुसरा मृतांच्या नावाने आपले जुने हिशेब चुकते करू पाहतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की साथीचा उगम कोठे झाला हा एक प्रश्न आहे, आणि साथीबद्दल एखाद्या राष्ट्राला उत्तरदायी धरता येईल काय, हा दुसरा. पहिला शास्त्राचा आहे, दुसरा न्यायाचा. ह्या दोहोंची गाठ मारल्यामुळे पहिल्याचे उत्तर मिळेनासे झाले आणि दुसऱ्याचा गंभीरपणे विचारच कोणी करीना. ही गाठ सोडविली, तर उगम कायमचा अंधारात राहिला तरीही उत्तरदायित्व ठरविता येते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम उगमाविषयी काय माहीत आहे ते पाहू. वुहान शहरात २०१९च्या डिसेंबरात अपरिचित न्युमोनियाचे रुग्ण आढळू लागले. त्यांपैकी अनेकांचा हुआनान नावाच्या मासळीबाजाराशी संबंध होता. १ जानेवारी २०२० रोजी हा बाजार बंद करण्यात आला. तेथे केवळ मासळी नव्हे, तर जिवंत वन्य प्राणीही विकले जात. वुहानच्या बाजारांत मे २०१७ ते नोव्हेंबर २०१९ ह्या काळात ३८ जातींच्या ४७,३८१ प्राण्यांची विक्री झाल्याची नोंद एका पाहणीत २०२१ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या रुग्णांची घरे नकाशावर मांडली असता ती ह्या बाजाराभोवती दाटलेली दिसतात, आणि बाजारात ज्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते त्यांची घरेही त्यास अपवाद नाहीत, असे २०२२ सालच्या संशोधनाने दाखविले. बाजारात घेतलेल्या काही नमुन्यांत विषाणूबरोबरच रॅकून डॉग ह्या प्राण्याचे जनुकीय अंश मिळाले. ही माहिती चिनी संशोधकांनी २०२३ साली एका जागतिक संग्रहात ठेविली होती. परदेशी संशोधकांनी ती पाहिली, आणि त्यानंतर ती तेथून काढून घेण्यात आली.

आता दुसरी बाजू. वटवाघळांतील कोरोना विषाणूंवर संशोधन करणारी जगातील एक अग्रगण्य संस्था त्याच वुहान शहरात आहे. तिच्या काही संशोधनाला अमेरिकन शासनाचे अनुदानही मिळत होते. विषाणूंच्या नोंदींचा तिचा संगणकीय संग्रह १२ सप्टेंबर २०१९ रोजी बाहेरच्या जगाला बंद झाला. आणि प्रयोगशाळेतून रोग निसटणे ही काही कादंबरीकाराची कल्पना नव्हे. २००३ व २००४ साली सार्सचा विषाणू सिंगापूर, तैपेई आणि बीजिंग येथील प्रयोगशाळांतून निसटल्याचे सिद्ध झालेले आहे. १९७९ साली सोव्हिएत संघातील स्वर्डलोव्हस्क शहरी लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत गेले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. दूषित मांसामुळे हे घडले, असे त्या शासनाने जगाला सांगितले. सत्य मान्य केले ते येल्त्सिन यांनी, १९९२ साली. तोवर ते शासनच उरले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २७ जून २०२५ रोजी आपला अहवाल दिला. उपलब्ध पुराव्याचे पारडे प्राण्यांपासून झालेल्या संसर्गाकडे झुकते. परंतु मागितलेली माहिती चीनने पुरविली नसल्याने प्रयोगशाळेची शक्यता निकालात काढता येत नाही, असा त्याचा सारांश आहे. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांत एकवाक्यता नाही. सी.आय.ए.ने जानेवारी २०२५ मध्ये प्रयोगशाळेच्या बाजूने कौल दिला खरा, पण त्या कौलावर आपला स्वतःचा विश्वास अल्प असल्याचेही त्याच श्वासात सांगितले. आमचा कल विचाराल, तर तो बाजाराकडे आहे; पण कल म्हणजे निकाल नव्हे, याची जाणीव आम्हांला आहे.

हा शोध कोणी बिघडविला? सर्वांनीच. १९ फेब्रुवारी २०२० रोजी 'लॅन्सेट' ह्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात शास्त्रज्ञांचे एक निवेदन प्रसिद्ध झाले. विषाणूचा उगम नैसर्गिक नसल्याचे सुचविणाऱ्या कटकल्पनांचा त्यात निषेध होता. साथ सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले, पुरावा गोळा व्हायचा होता, आणि तेवढ्यात प्रश्न विचारणेच असभ्य ठरले. हे निवेदन घडवून आणण्यात पुढाकार घेणारे गृहस्थ वुहानच्या त्याच संस्थेबरोबर संशोधन करीत होते. त्यांच्या ह्या संबंधांचा खुलासा नियतकालिकाने छापला तो जून २०२१ मध्ये. शास्त्रज्ञांनी असे करावयास नको होते. प्रश्न दडपल्याने संशय मरत नाही. तो अधिक वाईट संगतीला लागतो.

तो तसा लागलाच. एप्रिल २०२० मध्ये, कसलीही चौकशी सुरू होण्यापूर्वी, जर्मनीतील 'बिल्ड' ह्या दैनिकाने चीनच्या नावे १४९ अब्ज युरोंचे बिल छापले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला अमेरिकेतील मिसुरी राज्याने चीनवर दावा ठोकला. पुढे २०२१ साली ट्रम्प यांनी दहा लाख कोटी डॉलरांची मागणी केली. ऑस्ट्रेलियाने केवळ स्वतंत्र चौकशीची मागणी केली, तर चीनने मे २०२० मध्ये त्या देशाच्या बार्लीवर ८० टक्क्यांहून अधिक कर बसविला. ज्याच्या दारात वसुलीचा कारकून उभा आहे, तो आपल्या कपाटाच्या किल्ल्या चौकशीला आलेल्या वैद्याच्या हाती देत नाही. चीनच्या वर्तनाचे हे समर्थन नव्हे. विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतून आला असावा, असे सूचित करणारा चिनी प्रवक्ता मार्च २०२०मध्येच बोलता झाला होता. खरे-खोटे तपासण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापले आरोपी निवडले होते.

निकाल आधी आणि चौकशी मागाहून, ह्या रीतीचे परिणाम माणसांना भोगावे लागतात, राष्ट्रांना नव्हे. २०२० साली आपल्या मुंबईसारख्या शहरांत ईशान्य भारतातील मुलामुलींना 'कोरोना' म्हणून हिणवण्यात आले. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यास आलेल्या परदेशी मुसलमानांवर महाराष्ट्रात गुन्हे नोंदविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ते रद्द केले आणि ह्या माणसांना बळीचे बकरे करण्यात आले असावेत, असे नमूद केले. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण ख्रिस्ती जनांनी आपलाही इतिहास आठवावा. चौदाव्या शतकात युरोपात काळी साथ पसरली तेव्हा यहुद्यांनी विहिरींत विष कालविले, अशी आवई उठली. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ साली फर्माने काढून तिचा इन्कार केला. यहुदीही त्याच साथीने मरत आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तरी फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे शेकडो यहुद्यांना जाळण्यात आलेच.

मग उत्तरदायित्वाचा विचारच सोडून द्यावा काय? मुळीच नाही. येथे आम्ही वाचकांना १९४६ सालच्या एका घटनेकडे घेऊन जाऊ इच्छितो. वरवर पाहता तिचा रोगराईशी काही संबंध नाही. अल्बानिया आणि कोर्फू बेट यांच्यामधील सामुद्रधुनीतून जाणाऱ्या दोन ब्रिटिश विनाशिका २२ ऑक्टोबर १९४६ रोजी पाण्यातील सुरुंगांवर आदळल्या. ४४ माणसे मृत्यू पावली. ब्रिटनने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. सुरुंग कोणी पेरले होते? ते न्यायालयाला अखेरपर्यंत निश्चित करता आले नाही. अल्बानियाने पेरल्याचा पुरावा नव्हता. शेजारच्या युगोस्लाव्हियाने पेरल्याचे सांगण्यात आले, पण तेही सिद्ध झाले नाही. आणि तरीही १९४९ साली न्यायालयाने अल्बानियाला दोषी ठरविले. आपल्या किनाऱ्याजवळ सुरुंग पेरले गेले हे त्या देशाला कळले नसणे अशक्य होते, आणि कळूनही त्याने येणाऱ्या जहाजांना सावध केले नाही, हा तो दोष. भरपाईची रक्कमही ठरली. अल्बानियाने ती अनेक दशके दिली नाही. तडजोड झाली ती १९९०च्या दशकात.

वसुली रखडली, परंतु न्यायाचे तत्त्व उभे राहिले. तुमच्या अंगणात काय उगवले यासाठी तुम्हांला दोष देता येईलच असे नाही. पण तेथे मरण दबा धरून बसले आहे हे तुम्हांला ठाऊक असताना रस्त्याने येणाऱ्याला तुम्ही हाक मारली नाही, तर त्याच्या मृत्यूचा जाब तुम्हांला द्यावा लागेल. महासाथीच्या बाबतीत हे तत्त्व पुरेसे आहे, असे आमचे मत आहे.

ते वुहानला लावून पाहा. नेत्रवैद्य ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या सहकाऱ्यांना एका संदेशाद्वारे सावध केले. ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरविल्याबद्दल ताकीद दिली आणि तिच्यावर त्यांची सही घेतली. ७ फेब्रुवारी रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. ताकीद मागे घेण्यात आली ती त्यानंतर. शांघायचे प्राध्यापक झांग योंगझेन यांच्या गटाने ११ जानेवारी रोजी विषाणूची जनुकीय रचना जगासमोर ठेविली. तिच्यावरूनच जगभर चाचण्या व लसी तयार झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करण्याचा हुकूम आला. १८ जानेवारीला वुहानमध्ये चाळीस हजारांहून अधिक कुटुंबांचे सामुदायिक भोजन पार पडले. रोग माणसाकडून माणसाला होतो, हे चीनने उघडपणे सांगितले ते २० जानेवारीला. २३ जानेवारीला शहराची दारे बंद झाली. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार अशा संकटाचा अंदाज येताच २४ तासांत जगाला कळविणे आणि पुढेही हाती येईल ती माहिती देत राहणे प्रत्येक राष्ट्रावर बंधनकारक आहे. चीनने ह्या नियमांचे बंधन स्वीकारलेले होते.

येथे वटवाघळाची गरज नाही, प्रयोगशाळेचीही नाही. विषाणू निसर्गाने दिला असो वा माणसाच्या हातून निसटला असो, वैद्याच्या तोंडावर ठेविलेला हात माणसाचाच होता, आणि तो हात शासनाचा होता. आरोप ठेवायचा तर हा ठेवावा. तो सिद्ध करण्यास गुप्तचरांची आवश्यकता नाही. त्याचे पुरावे तारीखवार उपलब्ध आहेत.

ह्याउलट पैशांच्या दाव्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मिसुरीचा दावा २०२२ साली फेटाळला गेला, कारण परकीय राष्ट्रांवर अमेरिकन न्यायालयांत सहसा खटला चालत नाही. अपिलात त्यातील एकच मुद्दा तगला: चीनने मुखपट्ट्या व अन्य संरक्षक साहित्य साठवून ठेविले, हा. मार्च २०२५ मध्ये त्या एका मुद्द्यावर सुमारे २४ अब्ज डॉलरांचा एकतर्फी हुकूमनामा झाला. प्रतिवादी हजरच नव्हता. ज्या निकालाचा विजय म्हणून गाजावाजा झाला, त्यात विषाणूच्या उगमाविषयी काहीही ठरलेले नाही. शिवाय जगातील प्रत्येक मृत्यूचे कारण वुहानमध्ये शोधणेही न्यायाचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आणीबाणी जाहीर केली. त्यानंतरचा फेब्रुवारी महिना बहुतेक राष्ट्रांनी वाया घालविला, असे हेलन क्लार्क आणि एलन जॉन्सन सर्लीफ यांच्या स्वतंत्र समितीने मे २०२१ मध्ये स्पष्टपणे म्हटले. हाक ऐकूनही जे उठले नाहीत, त्यांचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? आणि चीनकडून भरपाई घ्यावयाचीच, तर पहिले वारस वुहानचे लोक आहेत. तेथील काही कुटुंबांनी आपल्याच शासनाविरुद्ध दावे लावण्याचा प्रयत्न केला, तर न्यायालयांनी ते दाखलसुद्धा करून घेतले नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दमदार आहे. उत्तरदायित्वाचा धाक घातला, तर राष्ट्रे अधिकच लपवाछपवी करतील, असे म्हटले जाईल. आमचे उत्तर असे, की राष्ट्रे लपवितात ती आजवर खरे बोलणाऱ्यालाच शिक्षा होत आली म्हणून. १९९४ सालचा सप्टेंबर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सुरतेत प्लेगची वार्ता पसरली, शहर रिकामे झाले, आणि पाहता पाहता अनेक देशांनी भारताची विमाने व माल रोखला. पन्नासांहून थोडे अधिक मृत्यू झाले. व्यापाराची हानी मात्र प्रचंड झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचे नवे रूप शोधून तत्परतेने जगाला कळविले. बक्षीस म्हणून दोन-चार दिवसांतच त्यांच्या विमानांना दारे बंद झाली. प्रामाणिक राष्ट्राला वाळीत टाकावयाचे आणि लपविणाऱ्याशी व्यापार चालू ठेवावयाचा, अशी ही उफराटी व्यवस्था आहे. उगमाला दंड न करता मौनाला दंड केला, तर ती सुलटी होईल.

दुसरा आक्षेप असा, की उगम एकदा निर्विवाद ठरला तर न्याय आपोआप मिळेल. म्हणून सारा जोर त्यावरच द्यावा. ज्यांना असे वाटते त्यांनी हैतीकडे पाहावे. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपाने तो गरीब देश उद्ध्वस्त झाला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे पटकीची साथ फुटली. कित्येक पिढ्यांत त्या देशाने पटकी पाहिली नव्हती. मिरबले गावाजवळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीची छावणी होती. तेथील मैला एका ओढ्यात जाई आणि तो ओढा आर्तिबोनीत नदीला मिळे. ह्याच नदीचे पाणी हजारो लोक पीत होते. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो प्यारू यांनी माग काढला. जंतूंच्या जनुकीय तुलनेने नेपाळशी नाते पक्के केले. सुमारे आठ लाख लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार मेले.

येथे नदीचे मूळही सापडले होते आणि साथीचे कूळही. न्याय मिळाला काय? पीडितांचा दावा स्वीकारार्ह नाही, असे संयुक्त राष्ट्रसंघाने फेब्रुवारी २०१३ मध्ये कळविले. त्याने १९४६च्या करारान्वये मिळालेल्या संरक्षणाची ढाल पुढे केली. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१५ साली आणि अपिलीय न्यायालयाने २०१६ साली ती ढाल मान्य केली. १ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली, तीही साथ फुटल्यावर सहा वर्षांनी. ४० कोटी डॉलरांची योजना जाहीर झाली. प्रत्यक्षात त्यातील अल्प अंशच जमला. आपण जंतू वाहून नेत आहोत हे त्या नेपाळी जवानांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो छावणीच्या घाणीचा आणि सहा वर्षांच्या इन्काराचा. जगाला मानवी हक्कांचे धडे देणाऱ्या संस्थेलाही आपल्या दारातील घाण मान्य करण्यास सहा वर्षे लागतात, तेव्हा केवळ चीनचे नाव घेऊन आपली सुटका होत नाही.

आपली म्हणताना आम्ही आपल्या देशालाही वगळीत नाही. २०२० साली 'चिनी विषाणू' हा शब्द आपल्याकडे चवीने वापरला गेला. पुढे भारतात प्रथम आढळलेले विषाणूचे रूप जगभर पसरू लागले, तेव्हा मे २०२१ मध्ये आपल्याच शासनाने 'भारतीय' हे विशेषण समाजमाध्यमांवरून हटविण्यास सांगितले. ती मागणी योग्यच होती. कोणत्याही देशाच्या नावाने रोगाचे बारसे करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिनाअखेर ग्रीक अक्षरे योजिली आणि त्या रूपाचे नाव डेल्टा झाले. पण जो न्याय आपण आपल्यासाठी मागितला, तो शेजाऱ्याला द्यावयास आपण तयार आहोत काय?

आणि माहिती दडविण्याविषयी म्हणावयाचे, तर २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत जे घडले ते आपण डोळ्यांनी पाहिले. प्राणवायूसाठी झालेली धावाधाव, मोजक्या माणसांत उरकलेले दफनविधी, शेवटचे दर्शनही न मिळालेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. २०२१च्या अखेरीस शासकीय आकडा सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यूंचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ रोजी २०२० व २०२१ या दोन वर्षांतील भारताच्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. आपल्या शासनाने तो पद्धतीवर बोट ठेवून नाकारला. पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. मात्र २०२१ सालच्या मृत्युनोंदणीचे देशव्यापी आकडे आपल्यासमोर आले ते मे २०२५ मध्ये. त्या वर्षी सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले होते. आदल्या वर्षी सुमारे ८१ लाख. हे वीस लाखांहून अधिक वाढलेले मृत्यू सारेच साथीचे होते, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या मृतांचा हिशेब मांडावयास ज्याला चार वर्षे लागतात, त्याने दुसऱ्याकडे रुग्णांच्या याद्या मागताना आवाज थोडा खाली ठेवावा. पापनिवेदनाला गेलेल्याने शेजाऱ्याचे पाप सांगून भागत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

तरीही येथे एक गोष्ट आपल्या बाजूने नोंदवावी लागेल. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार मृतांच्या कुटुंबांना साहाय्य देणे शासनावर बंधनकारक आहे, असा निर्णय दिला. त्यातून प्रत्येक मृत्यूमागे ५०,००० रुपये मिळू लागले. रक्कम तुटपुंजी होती. विषाणू कोठून आला, हे मात्र न्यायालयाने विचारले नाही. तुमच्या छत्राखाली माणूस मेला, तेव्हा तुमचे कर्तव्य काय होते, एवढेच विचारले. राष्ट्राराष्ट्रांतील न्यायालाही ह्याच वाटेने जावे लागेल.

मे २०२५ मध्ये जिनिव्हा येथे महासाथीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. त्यात चांगले पुष्कळ आहे. परंतु संशयित स्थळी स्वतंत्र तपासनिसांना जाऊ देण्याची सक्ती त्यात नाही, आणि माहिती दडविणाऱ्याला शासनही नाही. आमची मागणी तीन गोष्टींची आहे. साथीची चाहूल लागताच तपासासाठी दार उघडणे प्रत्येक राष्ट्रावर बंधनकारक असावे, मग तो चीन असो, अमेरिका असो वा भारत. वेळेवर सांगणाऱ्या राष्ट्राचा व्यापार बुडाला, तर तो भरून देणारा सामायिक निधी असावा. आणि सावध करणाऱ्या वैद्याला पोलिसी ताकीद देणे, हाच आंतरराष्ट्रीय अपराध मानला जावा.

ह्या तिसऱ्या मागणीमागे आमच्या मनात एक नाव आहे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये भडकलेला प्लेग दोन वर्षांनी मुंबईत आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत त्याचे पहिले निदान केले ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. व्यापारी शहराला ही वार्ता नकोशी होती. तरी त्यांचे निदान तज्ज्ञांकडून पडताळून घेण्यात आले आणि ते खरे ठरले. डॉक्टरांची तोंडबंदी झाली नाही. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्या प्लेगच्या काळात आपल्या लोकांनी उभारलेले क्रूस वांद्र्याच्या आणि गिरगावच्या गल्ल्यांत आजही आहेत. परकीय सत्तेने पुढे प्लेगच्या नावाखाली जे जुलूम केले त्यांचे समर्थन कोणीही करणार नाही. पण एका साध्या दवाखान्यातील डॉक्टरने दिलेली हाक तिने ऐकली होती. सव्वाशे वर्षांनंतर वुहानच्या नेत्रवैद्याला ते भाग्य लाभले नाही. त्याची ती ताकीद, तिच्यावरील सही आणि ३ जानेवारी ही तारीख घेऊन जगाने चीनला जाब विचारावा. आणि तो विचारावयास जाताना भारताने आपल्या मृत्युनोंदींची वही सोबत न्यावी.